उभी कीं आडवी?

निवडणुकीच्या दिवशीं आपण जें मत देतों तें माणसास देतों. प्रश्नास देत नाहीं. अमुक गृहस्थ निवडून आले म्हणजे पुढील पांच वर्षांत ते कोणत्या ठरावास हात वर करतील व कोणत्या ठरावाच्या वेळीं सभागृहाबाहेर चहा घेत बसतील, हें मत देतांना आपणांस ठाऊक नसतें. स्वित्झर्लंडमध्यें आणि अमेरिकेंतील पुष्कळ राज्यांतून याहून निराळा प्रघात आहे. शाळांसाठीं कर्ज काढावें कीं नाहीं, मजुरीचा किमान दर काय असावा, अमुक कायदा ठेवावा कीं मोडावा, असे प्रश्न तेथें थेट मतदारांपुढें ठेवितात, आणि तेथील वर्तमानपत्रें मतदानापूर्वीं एकेका प्रश्नावर आपली शिफारस छापतात. आमच्याकडे असा योग जवळजवळ येतच नाहीं. जवळजवळ म्हणण्याचें कारण एवढेंच कीं, महाराष्ट्रांत एका बाबतींत कायद्यानें हा अधिकार सामान्य मतदारास दिलेला आहे. ती बाब दारूच्या दुकानाची. आणि त्या दुकानास कुलूप घालावयाची किल्ली मुख्यतः स्त्रियांच्या हातीं सोंपविलेली आहे. ही किल्ली गंजूं देऊं नये, एवढें सांगण्यासाठीं आजचा हा लेख आहे.

प्रथम ही व्यवस्था काय आहे तें थोडक्यांत सांगतों, कारण ज्यांच्यासाठीं ती केली त्यांपैकीं पुष्कळांस तिची वार्ताही नसते. राज्य सरकारनें २००८ सालीं काढलेल्या आदेशानें असें ठरविलें कीं, गांवांतील किंवा नगरपालिकेच्या प्रभागांतील २५ टक्के स्त्रीमतदारांनीं, अथवा एकंदर मतदारांपैकीं तितक्यांनीं, दुकान बंद करण्याची लेखी मागणी केल्यास सह्यांची पडताळणी व्हावी आणि गुप्त मतदान घेण्यांत यावें. मागणी स्त्रियांची असेल तेथें मतदानही स्त्रियांचेंच. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात. बाटली उभी असेल तर दुकान चालूं द्यावें, आणि बाटली आडवी असेल तर दुकान बंद करावें, असा अर्थ. यादींतील एकूण मतदारांपैकीं निम्म्यांहून अधिकांनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर त्या दुकानाचा परवाना संपला. अक्षरओळख नसलेल्या मोलकरणीसही कळेल इतका सोपा प्रश्न आणि तितकेंच सोपें उत्तर. मोठमोठ्या कायदेपंडितांच्या सभांतूनही प्रश्न इतक्या स्वच्छ रीतीनें मांडला जात असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आमची शिफारस आम्ही आरंभींच देऊन टाकतों, म्हणजे वाचकांस शेवटपर्यंत ताटकळत बसावें लागणार नाहीं. ज्या ज्या गांवीं व ज्या ज्या प्रभागांत असें मतदान होईल तेथें प्रत्येक स्त्रीमतदारानें घराबाहेर पडावें आणि आडव्या बाटलीस मत द्यावें. जेथें मतदान सर्वांचें असेल तेथें पुरुषांनींही तेंच करावें. जेथें मागणीचा अर्ज फिरत असेल तेथें त्यावर सही करावी. आतां या शिफारशीचीं कारणें.

पहिलें कारण असें कीं, दारूच्या दुकानाचा जमाखर्च निरनिराळ्या वह्यांत लिहिला जातो, आणि त्यांतील एक वही कोणी उघडून पाहत नाहीं. दुकानदाराच्या वहींत नफा दिसतो. सरकारच्या वहींत महसूल दिसतो. तिसरी वही त्या घरांत असते, जेथें शनिवारीं मजुरी मिळते आणि सोमवारीं मुलाच्या शाळेची फी उसनी मागावी लागते. वाणसामानाची उधारी, सोनाराकडे गहाण पडलेलें मंगळसूत्र, रात्रीं शेजाऱ्यांनीं ऐकूनही न ऐकलेला आरडाओरडा, हें सारें त्या तिसऱ्या वहींत मांडलेलें असतें, आणि ती वही घरच्या बाईच्या डोक्यांत असते. आदेशानें स्त्रियांस जो विशेष अधिकार दिला तो दयेपोटीं दिला असें कोणी समजूं नये. ज्याला खर्च सोसावा लागतो त्याला हिशेब तपासण्याचा हक्क असावा, हा व्यापारांतला साधा न्याय आहे. आणि आमच्या व्यापारी वाचकांस तो समजावून सांगण्याची गरज नाहीं.

दुसरें कारण इतिहासाचें. दारूबंदीची कल्पना आम्हांवर कोणी बाहेरून लादली अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतां त्यांनीं १८८० सालीं शहरांतील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध आवाज उठविला. १९०८ सालीं पुण्यांत गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे राहिले तेव्हां त्या चळवळीच्या पाठीशीं टिळक होते. सामाजिक प्रश्नांवर ज्या दोन प्रवाहांचें एकमत क्वचितच झालें त्यांचें या एका बाबतींत झालें, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९३० च्या सत्याग्रहांत गांधीजींनीं दारूच्या दुकानांवर पिकेटिंग करण्याचें काम स्त्रियांकडे सोंपविलें. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत त्या वेळच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें दारूबंदी सुरू केली. पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानें मादक पेयांच्या बंदीसाठीं झटणें हें सरकारचें कर्तव्य म्हणून नमूद केलें. आज दारू विकण्याचे परवाने ज्या कायद्याखालीं दिले जातात त्या कायद्याचें नांवच दारूबंदी कायदा आहे! कायद्याचें नांव एक आणि काम दुसरें, असा हा प्रकार आहे. बाटलीच्या मतदानाचा अधिकार हा त्या कायद्याच्या नांवाशीं इमान राखणारा एक उरलेला धागा आहे.

तिसरें कारण सरकारी तिजोरीचें आहे. जून २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें देशांतच बनणाऱ्या 'विदेशी' मद्यावरील कर वाढविले आणि त्यांतून वर्षास सुमारें १४,००० कोटी रुपये अधिक मिळतील अशी अपेक्षा जाहीर केली. एवढी मोठी आशा ज्या बाटलीवर टांगलेली आहे ती बाटली सरकार आपल्या हातानें आडवी करील, ही अपेक्षा करणें भोळेपणाचें आहे. पक्ष कोणताही सत्तेवर असो, महसुलाचा मोह सर्वांस सारखाच. म्हणूनच या प्रश्नाचा निकाल प्रतिनिधींवर न सोंपवितां मतदारांनीं स्वतः लावणें अगत्याचें आहे. ज्याचा हितसंबंध गुंतलेला आहे त्याला पंच नेमूं नये, हें तत्त्व गांवच्या भांडणांतही आपण पाळतों.

आतां आक्षेपांकडे वळूं. आक्षेप घेणारे सगळेच दुकानदाराचे भाट असतात असें नाहीं. कांहीं आक्षेप प्रामाणिक आहेत व त्यांस प्रामाणिक उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढून व्यक्तिस्वातंत्र्याचा जो पुरस्कार केला त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं शेजाऱ्याच्या पेल्यांत डोकावून पाहावें काय, असें विचारलें जातें. प्रश्न चांगला आहे. परंतु आडव्या बाटलीच्या मतानें कोणाच्या घरांतील पेला काढून घेतला जात नाहीं. त्या मतानें एवढेंच ठरतें कीं, आमच्या वस्तींत, शाळेच्या वाटेवर, पाणवठ्याच्या किंवा भाजीबाजाराच्या तोंडाशीं सरकारी परवान्यानें चालणारें दुकान असावें कीं नसावें. रस्ता सर्वांचा आहे. सायंकाळीं त्या रस्त्यानें जातांना मुलींस वाट बदलावी लागत असेल, तर स्वातंत्र्य कोणाचें गेलें याचा हिशेब एकदां नीट करावा. पिणाऱ्यास थोडें लांब जावें लागणें ही गैरसोय आहे. मुलीनें शिकवणी सोडणें ही हानि आहे. दोन्ही एकाच तराजूंत घालणें न्यायाचें नव्हे.

दुसरा आक्षेप असा कीं, उघडें दुकान बंद केलें म्हणजे चोरटें दुकान उघडतें. यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही लपवीत नाहीं. वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून व गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी लागू करण्यांत आली. चंद्रपुरांत ती १ एप्रिल २०१५ रोजीं आली आणि २०२१ च्या मे महिन्यांत सरकारनें उठविली. उठवितांना चोरट्या विक्रीचेंच कारण पुढें करण्यांत आलें. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे दारू मिळत असतांना आंत बंदी राखणें कठीण, हा धडा खरा आहे. परंतु त्यावरून परवान्याचीं दुकानें असलीं म्हणजे विषारी दारू नाहींशी होते असें अनुमान काढणारांनीं जून २०१५ मधील मुंबईच्या मालवणीची घटना आठवावी. मुंबईंत दुकानांचा तुटवडा नव्हता. तरीही तेथें विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. चोरटी दारू जन्मते ती पोलिसांच्या डोळेझांकींतून आणि गरिबाच्या रिकाम्या खिशांतून. आणि तिचा बंदोबस्त करणें हें काम मतपत्रिकेचें नसून चौकीचें आहे. चौकी आपलें काम करीत नाहीं म्हणून मतपत्रिकेनेंही आपलें काम करूं नये, असें म्हणणें म्हणजे कुंपण मोडलें आहे म्हणून दारही उघडें टाकण्यासारखें आहे.

मात्र या आक्षेपांतून एक बोध घ्यावयास हवा. मतदानानें दुकान बंद होतें, व्यसन बंद होत नाहीं. विजयाची मिरवणूक निघाली, गुलाल उधळला आणि सर्वजण घरीं गेले, असें झालें तर सहा महिन्यांत मागच्या गल्लींत पिशव्या विकल्या जाऊं लागतात. ज्या भगिनी सह्या गोळा करतात त्यांनीं मतदानानंतरही आपली समिति मोडूं नये. चोरटी विक्री दिसतांच लेखी तक्रार करावी, तिची पोंच घ्यावी, आणि व्यसनांत रुतलेल्या माणसास शिव्या न देतां उपचाराकडे न्यावें. तो माणूस शत्रु नव्हे. बहुतेक वेळां तो त्यांतल्याच कोणाचा तरी नवरा किंवा मुलगा असतो.

तिसरा आक्षेप आमच्या व्यापारी वाचकांपैकीं कांहींच्या मनांत असेल. आज दारूचें दुकान मतदानानें बंद झालें, उद्यां कापडाचें किंवा किराण्याचेंही लोकांच्या लहरीनें बंद होणार नाहीं काय? भांडवल घातलें, भाडें भरलें, नोकर ठेविले, त्यांचें काय? या शंकेचें उत्तर कायद्यांतच आहे. दारू विकण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें वेळोवेळीं सांगितलें आहे. इतर धंदा हा नागरिकाचा हक्क आहे. दारूचा धंदा ही सरकारनें शर्तींवर दिलेली सवलत आहे. ज्यानें परवाना घेतला त्यानें त्या शर्तींसह घेतला. शिवाय इतर व्यापाऱ्यांनीं आपलाही फायदा पाहावा. गुत्त्यांत गेलेला रुपया कापडवाल्याकडे, पुस्तकवाल्याकडे किंवा दूधवाल्याकडे येत नाहीं. ज्या ओळींत दारूचें दुकान असतें त्या ओळींतील शेजारच्या दुकानांत सायंकाळनंतर बायका येत नाहींत, हें त्या दुकानदारांस कोणी शिकवावयास नको. ते बोलून दाखवीत नाहींत इतकेंच.

एक चौथा आक्षेपही ऐकूं येतो: एका प्रभागांतून उठलेलें दुकान शेजारच्या प्रभागांत जाऊन बसलें तर मिळविलें काय? आमचें उत्तर असें कीं, शेजारच्या प्रभागांतही मतदार राहतात आणि त्यांच्याही हातीं तीच किल्ली आहे. एकानें आपलें अंगण झाडलें तर दुसऱ्यास झाडू उचलण्याची बुद्धि होते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. २००८ च्या आदेशांतील अट नीट वाचली पाहिजे. मतदानास आलेल्यांपैकीं निम्मे नव्हे, तर यादींत नांव असलेल्या एकूण मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें त्यांत मागितलेलीं आहेत. याचा अर्थ उदाहरणानें पाहूं. एखाद्या प्रभागांत २,००० स्त्रीमतदार आहेत असें धरा. मतदानास १,१०० आल्या. ९५० जणींनीं आडवी बाटली पसंत केली आणि १५० जणींनीं उभी. बंदच्या बाजूचीं मतें सहा पटींहून अधिक. तरीही दुकान जिंकलें! कारण १,००१ चा आंकडा गांठला गेला नाहीं. ज्या ९०० जणी घरीं राहिल्या त्यांत कोणी आजारी होती, कोणी माहेरीं गेलेली होती, कोणाचें नांव लग्नानंतर दोन ठिकाणीं राहिलें होतें, आणि कोणी 'आपल्या एका मतानें काय होणार' म्हणून चुलीपाशीं बसली होती. त्या सर्वांची मोजदाद दुकानदाराच्या बाजूला झाली. या मतदानांत तटस्थ असा कोणी नसतोच. घरीं बसणें म्हणजे उभ्या बाटलीवर शिक्का मारणें होय. दुकानदारास हें पक्कें ठाऊक असतें. म्हणून तो मतें फोडण्याच्या खटपटींत फारसा पडत नाहीं. बायका घराबाहेर पडूं नयेत एवढीच व्यवस्था केली कीं त्याचें काम झालें.

ही अट न्यायाची आहे काय? आमच्या मतें नाहीं. आमदार, खासदार किंवा नगरसेवक यांपैकीं कोणासही यादींतील निम्म्याहून अधिक मतदारांचीं मतें मिळविण्याची सक्ति नाहीं. आलेल्या मतांत इतरांहून एक मत अधिक मिळालें कीं तो पांच वर्षें राज्य करावयास मोकळा. शंभरांपैकीं साठ मतदार आले तर या अटीप्रमाणें त्यांतील एकावन्नांनीं, म्हणजे दर शंभरीं पंचाऐशींनीं, एकमुखानें बोललें पाहिजे. हाच नियम उमेदवारांस लावला तर विधानसभेंतील किती बांकें भरतील याचा विचार नियम करणारांनीं करावा. मार्च २०२५ मध्यें सरकारतर्फे विधानसभेंत असें जाहीर करण्यांत आलें कीं, महानगरपालिकेच्या प्रभागांत एकूण मतदानाच्या ७५ टक्के मतें बंदच्या बाजूस पडल्यास दुकान बंद करण्यांत येईल, आणि गृहनिर्माण सोसायटीच्या आवारांत नवें दुकान काढावयाचें तर सोसायटीची संमति लागेल. संमतीची अट आम्हांस मान्य आहे. परंतु तीनचतुर्थांशांची अटही उमेदवारास लागणाऱ्या अटीहून कितीतरी कडक आहे. दुकान उघडतांना मत विचारावयाचें नाहीं, आणि बंद करतांना मात्र डोंगर चढावयास लावावयाचें, हा कोणता न्याय? मतदान झालेल्यांपैकीं साधें बहुमत पुरेसें मानावें, मतदानाचा दिवस सुटीचा ठेवावा आणि सह्यांच्या पडताळणीस ठराविक मुदत असावी, अशी आमची सरकारास स्पष्ट सूचना आहे. पडताळणी जितकी रेंगाळते तितका धाकदपटशास अवधि मिळतो.

तथापि नियम सुधारेपर्यंत वाट पाहत बसणें परवडणारें नाहीं. आहे त्या नियमानेंही महाराष्ट्रांतील अनेक गांवांनीं व प्रभागांनीं बाटली आडवी करून दाखविली आहे. सामान्य माणसास थेट प्रश्न विचारला तर तो गोंधळतो, असें म्हणणारांनीं आमच्या शेजारच्या गोव्याकडे पाहावें. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोमंतकीयांपुढें महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं वेगळें राहावें हा प्रश्न फूल आणि दोन पानें या चिन्हांच्या रूपानें ठेविला गेला, आणि ३४,०२१ मतांच्या फरकानें त्यांनीं वेगळें राहण्याचा कौल दिला. तो कौल इकडील पुष्कळांस रुचला नाहीं. पण तो कौल होता, आणि सर्वांनीं तो मानला. २०१३ सालीं ओरिसांतील नियमगिरीच्या डोंगरांत बारा लहानशा ग्रामसभांनीं एका मोठ्या खाणीस एकापाठोपाठ एक नकार दिला, आणि ती खाण झाली नाहीं. डोंगरांतील आदिवासींस जें साधलें तें आमच्या शहरांतील सुशिक्षित प्रभागांस साधूं नये काय?

म्हणून शेवटीं प्रत्येकास त्याच्या वांट्याचें काम सांगून लेख पुरा करतों. भगिनींनो, यादींत आपलें नांव आहे कीं नाहीं हें मतदानाच्या दिवशीं नव्हे, आजच पाहा. शेजारणीचें, सुनेचें, भांडी घासणाऱ्या बाईचेंही पाहा. त्या दिवशीं एकटें न जातां दहा जणी मिळून जा. म्हणजे दाराशीं उभ्या राहणाऱ्यांचा धाक वाटणार नाहीं. व्यापारी बंधूंनो, आपल्या दुकानांत व कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांस त्या दिवशीं पगार न कापतां सुटी द्या. कोणी मतदानास जाऊं नये म्हणून वाहनें, जेवणें किंवा पैसे मागावयास आलें तर त्यास दारांतूनच परत पाठवा. आपल्या गल्ल्यावर रोज ज्या भगिनी सुटे पैसे मोजून देतात त्यांच्या घरचे सुटे पैसे वांचविण्याचें हें काम आहे. आणि पुरुषांनो, मतदान बायकांचें असेल तेथें तुमच्याकडे एकच मागणें आहे. त्या दिवशीं घरांतलें काम तुम्ही करा, मूल सांभाळा, आणि ती मत देऊन परत आली म्हणजे कोणास दिलें असें विचारूं नका. मत गुप्त आहे. तें गुप्त राहूं देणें हाच तुमचा त्या मतदानांतील वांटा.

लोकशाहींत मतदाराचा शब्द शेवटचा असतो असें आपण दर पांच वर्षांनीं ऐकतों. येथें तो खरोखरच शेवटचा आहे. त्यावर कोणा मंत्र्याची सही लागत नाहीं. ज्या वस्तींत हा प्रश्न उद्यां विचारला जाईल तेथील मतदारांनीं त्याचें उत्तर दिल्यावांचून राहूं नये.